बाईंच्या खोलीतला चिकट आरसा

मित्रांनो, माझ्यात बघून भांग पाडू नका. मी त्या कामाचा आरसा नाही. मूळचा मी एका कपाटाच्या दाराचा. कपाट मोडीत निघालं, तेव्हा सुताराने मला नवी चौकट ठोकली आणि स्पीच थेरपिस्ट बाईंच्या खोलीत, जमिनीलगत, मुलांच्या उंचीला बसवलं. बाईंचे केस तेव्हा काळेभोर होते. आता ते पिकलेत आणि माझा पाराही उडालाय.

ज्यांचे शब्द अडतात, उशिरा फुटतात, अशी मुलं बाईंशेजारी बसून माझ्यात बघतात. बाई त्यांच्या वरच्या ओठाला मध लावतात; जीभ उचलून तो चाटायचा. मुलं मध चाटतात आणि मग मलाही चाटतात! पुसायला कुणाला सवड नाही. पण त्याचं मला काही वाटत नाही. लेकरांचं उष्टं देवालाही गोड लागतं.

मला वैताग आहे तो मोठ्यांचा! देवाने जिभा सढळ हाताने वाटल्या, पण धीर वाटायच्या वेळी त्याची झोळी रिकामी झाली असावी.

परवाचंच ऐका. चार वर्षांची एक पिटुकली कित्येक महिने येतेय. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. बाईंची रीत अशी, की साबणाच्या फुग्यांची बाटली घट्ट बंद करून मुलाच्या हाती द्यायची आणि गप्प बसायचं. झाकण उघडून हवं असेल, तर त्याने तसं मागितलं पाहिजे. पिटुकलीचे ओठ हलले, मी पाहिले! तेवढ्यात मागून आई म्हणाली, "उघड म्हण ना, राणी! मॅडम, तिला उघडून हवंय."

"ताई, हे मला तिच्याकडून ऐकायचंय."

"हो हो, आता एक अक्षर बोलणार नाही."

पुन्हा ओठ हलले. "बघा, बघा, बोलतेय! बोल गं!"

ओठ मिटले. मला तर तडकावंसं वाटलं!

"काय करू मॅडम," आई म्हणाली. "लोक तिला हसतात. म्हणून तिच्या आधी मीच बोलून टाकते. ही कधी बोललीच नाही तर?"

बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. "एक घोट तोंडात धरा. गिळायचा नाही."

आई गाल फुगवून बसली. पिटुकलीने बाईंकडे पाहिलं. बाई गप्प. आईकडे पाहिलं. आई चक्क गप्प! पिटुकली उठली, बाटली आईच्या मांडीवर ठेवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, उगल."

तो सगळा घोट फुर्रकन माझ्या तोंडावर आला. आई हसत होती की रडत होती, मला ओल्या काचेतून कळेना.

"अहो ताई, उघडा की!" बाई म्हणाल्या. "मागितलंय तिने."

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी अडखळत असेल, तर त्याचं वाक्य पुरं करायला धावू नका. त्याचा शब्द वाटेत आहे. त्याला आपल्या पायांनी येऊ द्या.