काडीबाबाचं पिवळं पाणी

पोरं कडेवर घेतलेल्या आयांची रांग काडीबाबाच्या दारातून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. सर्दीतापाची साथ होती, आणि दवाखान्यात नाकात घालतात ती काडी मेंदूला लागते अशी आवई उठली होती. काडीबाबा नाकाला हातही लावत नसे. कापसाची काडी बाळाच्या गालावरून फिरवायची आणि पेल्यातल्या पिवळ्या पाण्यात बुडवायची. पाणी पिवळंच राहिलं तर बाळ निरोगी, लाल झालं तर विषाणू.

"माझी काडी रडवत नाही, ताई. विषाणू आपणहून कबुली देतो," तो सांगत होता. विषाणू जणू त्याच्या घरचा गडी.

आमची आठ महिन्यांची छकुली माझ्या खांद्यावर धापा टाकत होती. उजाडताच तिचं तोंडही न धुता आम्ही निघालो होतो. पाणी पिवळं राहिलं.

"चला घरी, सुटलो," बायको म्हणाली. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मागच्या बाईचं पोर हसतंखेळतं, टुणटुणीत. त्याचं पाणी लालभडक झालं. बाई मटकन खाली बसली.

"याचं तोंड कशानं धुतलंत?" मी विचारलं.

"साबणानं. बाबांकडे यायचं म्हणून चांगलं घासून."

माझं लाँड्रीचं दुकान आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे मी वीस वर्षं बघतोय, आणि पेल्यातलं पाणीही हळदीचंच दिसत होतं, पण भीतीनं माझी अक्कल गहाण पडली होती. मी नळावरच्या साबणावर कोरी काडी घासली आणि दुसऱ्या पेल्यात बुडवली. पाणी लाल.

"बाबा, साबणालाही ताप आलाय का?"

"अविश्वासी हात लागला की पाणी बिघडतं," काडीबाबा पुटपुटला. लोक हसले. मला हसू येईना. पिवळ्या पाण्याचा अर्थ एवढाच होता, की आम्ही पोरीचं तोंड धुतलं नव्हतं. दर श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. मी दवाखान्याकडे धावत सुटलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी श्वास मोजले, ऑक्सिजन लावला, मगच काडी उघडली.

"मेंदूला लागेल हो," बायको रडकुंडीला आली.

"तिथवर जातच नाही. ही लहान मुलांची आहे, बारीक आणि मऊ. विषाणू नाकातल्या शेंबडात असतो, गालाच्या कातडीवर काय सापडणार? डोकं नीट धरा आणि दहा मोजा."

आठ मोजेपर्यंत काडी बाहेर आली. तपासणीत विषाणू सापडला.

"घरी नेली असती तर?" मी विचारलं. त्यांनी ऑक्सिजनची नळी सारखी केली.

पाच दिवसांनी छकुली घरी आली. म्हणून हात जोडून सांगतो, काडी कुठे फिरवली आणि पाणी कशानं रंगलं, हे विचारायला लाजू नका. आणि पोराची छाती आत ओढली जात असेल, तर रंग बघत थांबू नका, दवाखाना गाठा.