लॉर्कनच्या आवाजात

आमच्या धंद्यात एक खोड आहे. गंभीर काही बोलायचं झालं की आम्ही ते लॉर्कन ट्वोमीच्या आवाजात बोलतो. लग्नात शुभेच्छा द्यायच्या, कोणाच्या मयतीनंतर पबमध्ये ग्लास उचलायचा, नाहीतर "आता घरी चला" असं पिणाऱ्यांना सांगायचं, सगळं लॉर्कनच्या आवाजात. त्याचं कारणही आहे. डब्लिनमधल्या जाहिरातींत तीस वर्षं लॉर्कन बोलला. लोणी त्याने विकलं, विमा त्याने विकला, आणि बँकेवर लोकांनी विश्वास ठेवला तो त्याच्या आवाजामुळे. दक्षिणेकडच्या वेस्ट कॉर्कचा तो जाड, सावकाश गावाकडचा आवाज ऐकला की माणूस आपोआप ताठ बसतो. आम्ही सगळे पोटासाठी आवाज भाड्याने देणारे. नक्कल आमच्या अंगातच असते.

ही खोडच आम्हाला भोवली.

सॉसेजच्या एका रेडिओ जाहिरातीसाठी आम्ही तिघं काचेच्या खोलीत उभे होतो. मी, म्हणजे एथ्ना, जाहिरातीतली आई. ग्रॉन्या मुलगी आणि फियाक्रा बाप. काचेपलीकडे एमर बसली होती. जाहिरात कंपनीची निर्माती, गोड बोलून गळा कापणारी. मध्यंतरात तिने सांगितलं की इथून पुढे एकदाच ठोक पैसे मिळतील, मग ती जाहिरात आम्ही जन्मभर वाजवू. दरपत्रक विसरा.

दरपत्रक आमच्या संघटनेचं होतं. अमुक कामाला कमीत कमी अमुक मानधन, एवढंच त्यात लिहिलेलं. सरकारच्या स्पर्धा-कायद्याच्या कार्यालयाला ते खुपलं. त्यांचं म्हणणं, तुम्ही कोणाचे नोकर नाही, स्वतःचे मालक आहात, म्हणजे तुमच्यातला प्रत्येकजण एक कंपनी. कंपन्यांनी मिळून भाव ठरवला तर ते संगनमत, आणि संगनमत हा गुन्हा. कारखान्यातले मजूर एकत्र आले तर ती संघटना, आम्ही एकत्र आलो तर टोळी! माझ्या या कंपनीत मी, एक म्हातारी मांजर आणि कायमची घसादुखी एवढाच कर्मचारीवर्ग आहे, पण ते असो.

एमर चहा आणायला गेली असं आम्हाला वाटलं. ग्रॉन्या रडकुंडीला आली होती. तेव्हा फियाक्रा छाती फुगवून, हुबेहूब लॉर्कनच्या आवाजात म्हणाला, "दरपत्रकाच्या खाली आपल्यातल्या कोणीही तोंड उघडायचं नाही." आम्ही दोघी म्हणालो, नाही उघडणार. आणि हसलो.

माईक चालू होता. आयुष्य माईकसमोर काढलेल्या तीन माणसांनी वर लाल दिवा लागलाय की नाही हे पाहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एमरने ते रेकॉर्डिंग कंपनीच्या वकिलाकडे दिलं आणि वकिलाने थेट त्या कार्यालयात पोचवलं.

चौकशीची पत्रं आली. मला, ग्रॉन्याला, फियाक्राला. आणि लॉर्कनला. रेकॉर्डिंगवर आवाज लॉर्कनचा, म्हणजे भाव ठरवणारा म्होरक्या तोच, असं ते धरून चालले होते. एमरला खरं ठाऊक असणार, पण ती गप्प राहिली. लॉर्कनचं मानधन तिला बरीच वर्षं सलत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

लॉर्कन तिथे नव्हता हे सिद्ध करणं अगदी सोपं होतं, आणि तेच करता येत नव्हतं. या रेकॉर्डिंगच्या आधीच, एप्रिलमध्ये, त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. उरली फक्त हवा, कानाजवळ तोंड नेलं तर कळेल अशी. ही गोष्ट डॉक्टरांना आणि मला ठाऊक होती, कारण मी त्याच्याच गल्लीत राहते आणि दवाखान्यात मीच घेऊन गेले होते. बाकीच्यांना आम्ही सांगितलं होतं की तो गावी बहिणीकडे राहतोय. बँकेच्या जाहिराती अजून त्याच्या जुन्या आवाजात चालू होत्या आणि दर वर्षी करार पुढे जायचा. याला आता बोलता येत नाही हे कळलं असतं तर करार त्याच दिवशी संपला असता. त्याची म्हातारपणाची भाकरी तेवढीच होती. आणि चौकशीतला निष्कर्ष तक्रारदारालाही कळवतात, म्हणजे एमरला.

पत्र आलं त्या दिवशी मी त्याच्या स्वयंपाकघरात चिडून येरझाऱ्या घालत होते. दवाखान्याचा कागद दाखवा आणि मोकळे व्हा, असं मी दहादा सांगितलं. त्याने मान हलवली. मग मला जवळ बोलावून कुजबुजला की तो गुन्हा कबूल करणार आहे. पहिलीच वेळ, हमीपत्र लिहून घेतील, दंड करतील, कोर्टाबाहेर मिटेल. "दंड लोक विसरतात, एथ्ना. गेलेला आवाज नाही विसरत."

माझा संताप झाला तो फियाक्रावर. त्याच्या घरात नुकती जुळी झाली होती हे खरं, आमच्या वकिलाने आम्हाला एकमेकांशी एक शब्दही बोलू नका म्हणून बजावलं होतं हेही खरं. पण एक म्हातारा तुझ्यासाठी सुळावर चढतोय आणि तू पोरांना पाळण्यात घालून गप्प बसतोस? पत्रात शेवटी एक ओळ होती: संगनमताची माहिती जो पहिला देईल त्याला पूर्ण माफी. कायद्याची अक्कल बघा. आम्हाला एकत्र बोलायला बंदी, आणि एकमेकांची नावं सांगायला बक्षीस. तरी मी ठरवलं. आत गेल्यावर फियाक्राचं नाव घ्यायचं. माफीसाठी नाही, लॉर्कनसाठी. पण माफी मिळाली असती तर मी ती परत केली असती असंही नाही.

कार्यालय एका भाड्याच्या इमारतीत होतं. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, आणि आतल्या खोलीशी मधे फक्त प्लायवूडची भिंत. आम्ही चौघं बसलो. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. ग्रॉन्याने पर्समधून पुदिन्याच्या गोळ्या काढल्या, एक तोंडात टाकली आणि पुडी कोणाला देण्याआधीच मिटली. गोळी देणंसुद्धा संगनमत ठरेल की काय, असं वाटलं असावं. फियाक्राचा चेहरा राखेसारखा झाला होता. लॉर्कनने गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

तपास अधिकाऱ्याचं नाव टियरनी. चाळिशीचा, सभ्य, दमलेला माणूस. त्याने आधी फियाक्राला बोलावलं. पलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होता. नाव, पत्ता. मग टियरनी म्हणाला की आवाज जुळवून पाहायचाय, कागदावरची ओळ तुमच्या नेहमीच्या आवाजात वाचा.

 मग भिंतीपलीकडून लॉर्कन बोलला. "दरपत्रकाच्या खाली आपल्यातल्या कोणीही तोंड उघडायचं नाही."

 टियरनीने विचारलं, हा तुमचा नेहमीचा आवाज? फियाक्रा म्हणाला, "त्या दिवशीचा हाच होता." म्हणजे त्याने कबूलच केलं. माझ्या शेजारी लॉर्कनने डोळे मिटून घेतले होते. तीन महिन्यांनी तो स्वतःचा आवाज ऐकत होता, रेडिओवरचा जुना नाही, ताजा, श्वासासकट. 

पुढे ग्रॉन्या गेली. चाळीस किलोची ती बाई, कार्टूनमधल्या खारींचे आणि लहान मुलांचे आवाज करते. तिनेही लॉर्कनचा आवाज काढला. कुठून काढला देव जाणे, पण काढला. फियाक्रा एकटा अडकू नये म्हणून तिने आपली मान पुढे केली, हे मला खुर्चीवर बसल्या बसल्या समजलं आणि मी जे ठरवून आले होते त्याची लाज वाटली.

मग माझी पाळी. कागद हातात घेतला. फियाक्राचं नाव जिभेच्या टोकावर होतं, ते गिळलं. श्वास पोटापर्यंत ओढला आणि लॉर्कनसारखं बोलले. ग्रॉन्याइतकं चांगलं जमलं नाही.

टियरनीने पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही तिघांनी ठरवून केलंत?"

"ठरवून कसं करणार, साहेब? मी एक कंपनी आहे. ग्रॉन्या दुसरी, फियाक्रा तिसरी. कंपन्यांनी आपसांत बोलायचं नाही, असं तुम्हीच कळवलंय."

"यात तुमचंच नुकसान आहे, हे कळतंय ना?"

"तुमच्या कागदावरची ओळ मी वाचली. आणखी काही वाचायचं असेल तर त्याचे पैसे पडतील."

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. उठून त्याने स्वतःच दार उघडलं आणि लॉर्कनला आत घेतलं. वैतागाने दार लावायचं राहिलं, म्हणून पुढचं आम्ही तिघांनी पाहिलं.

टियरनीने विचारलं, रेकॉर्डिंगमधला आवाज तुमचा आहे का? लॉर्कनने होकारार्थी मान हलवली. मी उठून उभी राहिले. तीन माणसांनी स्वतःला त्याच्यापुढे टाकलं होतं, तरी हा हट्टी म्हातारा आपलंच डोकं पुढे करत होता. किंवा आम्ही टाकलं म्हणूनच करत होता.

टियरनी म्हणाला, "मान हलवलेली नोंदीत येत नाही, मिस्टर ट्वोमी. तोंडाने सांगावं लागेल."

लॉर्कनने मफलर सैल केला. त्याने आमच्याकडे, उघड्या दारातून, एकदा पाहिलं. मग तो टेबलावरच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राजवळ गेला आणि जन्मभर जसं माईकसमोर उभं राहायचा तसा खांदे सोडून उभा राहिला.

"तो आवाज माझा आहे," तो म्हणाला.

नुसती हवा आली. फाटक्या भात्यातून येते तशी. ग्रॉन्याने तोंडावर हात धरला. फियाक्रा भिंतीकडे वळला आणि ढसाढसा रडू लागला. टियरनी यंत्राकडे पाहत राहिला, मग त्याने ते बंद केलं. "कधीपासून?" त्याने हळू विचारलं. लॉर्कनने बोटांवर महिने मोजून दाखवले.

कबुलीनेच त्याला निर्दोष ठरवलं. प्रकरण मिटलं. तिघांपैकी नक्की कोण बोललं हे सिद्ध होईना, तेव्हा आम्हाला लेखी ताकीद मिळाली. संघटनेने पुन्हा कधी दरपत्रक काढणार नाही असं लिहून दिलं. टियरनीने निष्कर्षात जमेल तेवढं मोघम लिहिलं होतं, पण लॉर्कनला का वगळलं ते लिहिल्याशिवाय त्याला गत्यंतर नव्हतं. ते एमरपर्यंत गेलं, एमरकडून बँकेकडे. करार संपल्याचं पत्र फार सभ्य भाषेत आलं.

त्यानंतरच्या रविवारी लॉर्कन माझ्याकडे जेवायला होता. सूपमध्ये ब्रेड भिजवून तो सावकाश खात होता. फोन वाजला. एमर होती, आणि तिचा आवाज नेहमीप्रमाणे अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल असा. बँकेला घरकर्जाची नवी जाहिरात करायचीय, गिऱ्हाइकांना जुन्या आवाजाची सवय आहे. "तुम्ही तिघं तो छान काढता असं ऐकलंय. तुझा आकडा सांग. फियाक्राला आणि ग्रॉन्यालाही विचारतेय. ज्याचा कमी, त्याचं काम."

उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला.  अशी शिवी तोंडात आली होती की लॉर्कन समोर नसता तर मांजरीला ऐकवली असती. म्हटलं, मी करणार नाही. त्यांनीही करू नये. मेलेल्याच्या अंगावरचा कोट काढून विकतात ही माणसं, आणि इथे तर माणूस जिवंत बसून सूप पितोय.

लॉर्कनने चमचा ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

"कोणीतरी करणारच. फियाक्राची पोरं लहान आहेत. करू दे त्याला." तो दम घ्यायला थांबला. "पण स्वस्तात नको, एथ्ना. स्वस्तात विकला तर मला ऐकवणार नाही."

"त्यासाठी आधी तिघांना एकमेकांशी बोलावं लागेल. ताकीद मिळालीय आम्हाला. या वेळी खरंच तुरुंगात घालतील."

 त्याने माझ्यावरची नजर हटवली नाही. मी जाऊन स्वयंपाकघराचं दार लावलं. काय लावायचं होतं, घरात तिसरं कोणी नव्हतं. मग फोन उचलला आणि फियाक्राचा नंबर फिरवला. त्याने उचलला. मागे दोन्ही बाळं रडत होती. मी त्याला कसा आहेस म्हणूनही विचारलं नाही, सरळ माझा आकडा सांगितला आणि त्याचा विचारला.