उमरग्यातून दिसलेला काठेवाड

शिवकन्यानं भूगोलाच्या एम.ए.च्या प्रकल्पाला विषय घेतला काठेवाड द्वीपकल्पाचा: तिथली जमीन, किनारा आणि माणसांचं पोटपाणी. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. पण उमरग्याला हायवेवर तिच्या वडिलांचं, शिवलिंगप्पांचं चहाचं हॉटेल होतं. हैदराबादकडं जाणारे गुजराती ड्रायव्हर तिथं थांबायचे. कुणाच्या ट्रकात मोरबीच्या फरश्या, कुणाच्या मीठ, कुणाच्या शेंगतेल. दोन वर्षं चहा देता देता ती त्यांना विचारत होती, वहीत उतरवत होती.

प्रकल्पाचे मार्गदर्शक यज्ञेश सरांनी वही चाळून परत सरकवली.

"सगळं ऐकीव. आपल्या जिल्ह्यातल्या बेंबळीच्या सोयाबीनवर लिही. विषयबदलाच्या अर्जावर सही कर."

"न्हाय करणार, सर."

"समुद्र तरी पाहिलायस का?"

"न्हाय. तुम्ही काठेवाड पाहिलाय, सर?"

सर लालेलाल झाले. "मी पुस्तकात वाचलाय!"

"पुस्तक लिहिणाऱ्यानंबी कुणाला तरी विचारलंच असंल की."

"मग आठ दिवसांत पुरावा आण. नाहीतर नापास."

घरी हे ऐकून शिवलिंगप्पा कळवळले. "पोरी, सरांशी कशाला वाकडं घेतीस? दे की सही."

"अप्पा, माझं चुकलं असतं तर दिली असती."

दुसऱ्या दिवसापासून तिनं हॉटेलच्या टेबलावर काठेवाडचा नकाशा पसरला. ओळखीचा ड्रायव्हर आला की त्यानं सांगितलेलं त्यालाच वाचून दाखवायचं आणि खाली सही घ्यायची. सहाव्या दिवशी भावनगरचे म्हातारे रामभाई आले. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, इथं कोरडी जमीन नाही, भरतीचं पाणी आत येतं. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि खाडी स्वतः काढली.

तोंडी परीक्षेला तिनं एकतीस सह्या पुढं ठेवल्या. सरांनी विचारलं, "मिठागरं तिथंच का?"

"किनारा सखल, पाऊस कमी, ऊन कडक."

"भुईमूग?"

"जमीन आपल्यासारखीच काळी, सर. खालचा खडकबी तोच, बेसाल्ट."

"ही खाडी छापील नकाशात नाही."

"छापील नकाशा लहान हाय, सर. रामभाईंचं घर तिथंच हाय."

सरांनी वहीत रामभाईंची सही शोधून वाचली. मग त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं. पण मुखपृष्ठावर नवं शीर्षक टाकलं, 'ऐकीव माहितीचे संकलन'.

शिवकन्यानं त्यावर बोट ठेवलं. "नाव मी दिलेलंच राहील, सर."

 सरांनी ते शब्द खोडले.

वही घेऊन ती बाहेर पडली; कॉलेजचं फाटक ओलांडल्यावर मात्र थांबून तिनं मुखपृष्ठावरचं खोडलेलं शीर्षक पुन्हा एकदा पाहिलं.