डाव्या हातातला चुडा

हेमावतीला आपल्या सख्ख्या बहिणीच्या डाव्या हाताचा राग होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण होता खरा.

दोघींना स्तनाचा कर्करोग झाला, वर्षाच्या अंतराने. डॉक्टर एकच, ऑपरेशन तेच, दोघींच्याही डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या. हेमावतीचा हात सहा महिन्यांत सुजला आणि इतका जड झाला, की जन्मभर कडक भाकरी थापून विकणाऱ्या बाईला पिठाचा गोळा मळवेना. सकाळी उठून हातावर सूज दाबून धरणारी, डॉक्टरांनी दिलेली घट्ट बाही चढवायची, ती दिवसभर मिरवायची. आणि धाकटी बहीण सिद्धेश्वरी? दीड वर्ष झालं तरी हात जसाच्या तसा! वर शुक्रवार पेठेतल्या हेमावतीच्या गिऱ्हाइकांना आता तीच भाकऱ्या पुरवत होती. "अक्का, तुझी गिऱ्हाइकं सांभाळते की मी," असं ती प्रेमाने म्हणायची, तेव्हा हेमावतीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

श्रावणात डॉक्टरांनी हेमावतीला बसवून सांगितलं होतं, "सारखंच ऑपरेशन होऊनही कुणाचा हात सुजतो, कुणाचा नाही. याचं एक कारण जनुकांत, म्हणजे घराण्याच्या रक्तात असू शकतं. अजून अभ्यास चालू आहे, खात्रीनं सांगता येत नाही. पण तुमच्या बहिणीला हाताची मापं घ्यायला पाठवा. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात बांगडी-अंगठी असं घट्ट काही घालू नका म्हणावं. लवकर कळलं तर आवरता येतं."

हेमावतीने मान डोलावली आणि घरी येऊन गप्प बसली. उद्या सांगू, परवा सांगू. खरं तर तिला सांगायचंच नव्हतं. एकाच आईच्या पोटच्या आपण. रक्तात असेल तर तिच्याही असू दे की! हा विचार आला की देव्हाऱ्याकडे बघायचं ती टाळायची.

मार्गशीर्षात सिद्धेश्वरीच्या लेकीचं, आरोहीचं लग्न निघालं. चुडा भरायला कासारीण चंद्रव्वा आली. पहिला मान नवरीच्या आईचा. चंद्रव्वाने नेहमीप्रमाणे उजव्या हाताचं माप घेतलं आणि त्याच मापाच्या हिरव्या बांगड्या डाव्या हातातही चढवायला घेतल्या. सहा कशाबशा दाबून चढल्या. सातवी बोटांच्या पेरांपाशीच अडली.

"हात भरलाय की गं बाई! जावई मानवला वाटतं," चंद्रव्वा म्हणाली. बायका हसल्या.

हेमावती हसली नाही. काचेच्या कडेला मनगट फुगून आलेलं तिला दिसलं. हेच तर मागितलं होतं तिने. क्षणभर बरंही वाटलं. मग तिचं लक्ष बहिणीच्या नखांत अडकलेल्या ज्वारीच्या पिठाकडे गेलं.

"चंद्रव्वा, थांब. डाव्या हातातल्या सगळ्या काढ."

"शुभ दिवशी हे काय बोलणं?" चंद्रव्वाने हातच मागे घेतला. "भरलेला चुडा मी न्हाय काढायची."

मग हेमावतीने सगळ्यांसमोर डॉक्टरांचं बोलणं सांगून टाकलं.

"डॉक्टर कधी बोलले हे?" सिद्धेश्वरीने विचारलं.

"श्रावणात."

सिद्धेश्वरीने आपला डावा हात पुढे धरला.

"दिवाळीपासनं या हातातली अंगठी बसत न्हाय मला," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, सिद्धे?"

"कुणाला बोलू? तुला?" तिने मान वर केली. "तुला बरं वाटलं असतं, अक्का."

हेमावतीने आरोहीला साबणाचं पाणी आणायला सांगितलं, बहिणीचा हात आपल्या सुजलेल्या हातात धरला आणि उजव्या हाताने एकेक बांगडी सोडवायला लागली. पाच निघाल्या. सहावी निघता निघेना. सिद्धेश्वरीने हात मागे घेतला नाही, पण बहिणीकडे बघितलंही नाही.