डावा गोलखांब आणि डीनचा हंगाम

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे, पण कुंपणाचा नाही आणि विजेच्या तारांचाही नाही. मी गोलखांब आहे. ऑस्ट्रेलियातल्या विमेरा या गव्हाच्या प्रदेशात वेराबिन नावाचं गाव आहे. तिथल्या फुटबॉलच्या मैदानावर, धान्याच्या उंच कोठारांकडच्या टोकाला, डावीकडे मी उभा असतो. उजवीकडे माझा भाऊ आहे. तो जरा कलला आहे, मी सरळ आहे. हे मी म्हणत नाही, सारं गाव म्हणतं.

आमच्या खेळात प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. लांबट चेंडू पायाने मारला आणि तो आम्हा दोघा उंच भावांच्या मधून गेला की सहा गुण. उंच आणि ठेंगण्या खांबामधून गेला तर एकच. मला नुसता घासून गेला, तरीही एकच. त्यामुळे भल्याभल्या खेळाडूंनी माझ्याकडे बघून शिव्या हासडल्या आहेत. मी त्या मनावर घेत नाही. मी माझ्या जागेवरच होतो, चेंडू नव्हता.

मी जन्माने ओढ्याकाठचा निलगिरी. बिल हेटली नावाच्या माणसाने मला तोडलं, तासलं, घोडागाडीतून इथवर आणलं आणि खोल खड्ड्यात उभं केलं. त्याचा मुलगा मर्व पुढे आमच्या टोकाचा गोल अंपायर झाला. पांढरा लांब कोट, डोक्यावर टोपी आणि हातात दोन झेंडे. गोल झाला की दोन्ही झेंडे हलवायचे, एक गुण असला की एकच. सामना नसला की तो माझ्यावर रेलून उभा राहतो. हंगामाच्या आधी तोच मला पांढरा रंग देतो. उन्हाळ्यात मात्र माझी आठवण कुणालाच येत नाही. मैदानात मेंढ्या चरायला सोडतात, त्या माझ्यावर अंग घासतात आणि गुलाबी काकाकुवे वर बसून रंगाचे पोपडे काढतात. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू! पण एप्रिलमध्ये आमच्याकडचा उन्हाळा सरतो, मर्व रंगाचा डबा घेऊन येतो आणि माझा रुसवा जातो.

आता मुद्द्यावर येतो. पुढच्या फळीतल्या खेळाडूचा हंगाम कसा गेला, हे कुणाला विचारावं? लोक गुणफलकाला विचारतात. मी म्हणतो, गोलखांबाला विचारा. गुणफलक तिकडे लांब कुंपणापाशी असतो. फॉरवर्ड धापा टाकतो, धडपडतो, मार खातो, तो माझ्या पायाशी. मी कितीतरी फॉरवर्ड पाहिले आणि एकाही बाबतीत माझा अंदाज चुकलेला नाही.

डीन नोस्के हा त्यांतलाच एक. गव्हाचा शेतकरी, अबोल, खांदे दारासारखे रुंद. तरुणपणी त्याने इतके गोल केले की झेंडे हलवून मर्वचे हात दुखायचे. वेराबिनला सामना बघायला लोक आपापल्या गाड्या मैदानाच्या कडेला लावतात आणि खिमा भरलेले गरम मीट-पाय खात आतच बसतात. आपला गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजतात. त्या काळी ते हॉर्न डीनसाठी वाजत. मग त्याचा गुडघा गेला, तिशी सरली आणि संघात ट्रॉय हार्मर आला. हा पोरगा उंच उडे, लांबून मारी. हॉर्न आता ट्रॉयसाठी वाजू लागले.

डीनसाठी गाड्यांच्या खिडक्यांतून वेगळंच ऐकू यायचं.

"डीन, खेळायला आलायस की खांबाला टेकायला?"

"अरे, आजोबांना खुर्ची द्या कुणीतरी!"

मी मात्र काय पाहत होतो? डीन मुद्दाम कडेला पळायचा, दोन बचावपटू त्याच्यामागे जायचे आणि मधे ट्रॉय मोकळा राहायचा. चेंडू टप्पे घेत गोलरेषेकडे येऊ लागला की डीन त्याच्याकडे पाठ करायचा आणि धावत येणाऱ्या बचावपटूला अंगाने अडवायचा. चेंडू त्याच्या मागून आरामात आत जायचा. गोल ट्रॉयच्या नावावर, ढोपर डीनच्या बरगडीत. हे सगळं नियमात बसतं, फक्त फलकावर दिसत नाही. मला विचाराल तर तो त्याचा सगळ्यात चांगला हंगाम होता. पण मला विचारतो कोण!

शेवटचा साखळी सामना पाइन हिल गावाच्या संघाशी होता. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर हंगाम संपला. गुरुवारी संध्याकाळी सराव झाल्यावर प्रशिक्षक केव पेट्शेल माझ्यापाशी येऊन थांबला. मर्व नेहमीप्रमाणे रेलून उभा होता.

"ट्रॉयची काळजी नाही," केव म्हणाला. "पण या डीनचं काय करू? त्याच्यासाठी दोन झेंडे शेवटचे कधी हलवलेस, आठवतंय तरी का?"

"हंगामाच्या सुरुवातीला, इस्टरच्या सुमारास असेल."

"बघ! गोल न करणारा फॉरवर्ड म्हणजे चाक नसलेला ट्रॅक्टर. बसवतो त्याला."

"बसव की. मग ट्रॉयच्या अंगावर दोघं दोघं चढले, की तोही बसेल आपोआप."

"तू अंपायर आहेस की डीनचा वकील?"

"मी इथे उभा असतो बाबा. तू तिकडे बाकावर बसून घसा फोडत असतोस."

केव चिडला, पण विचारात पडला. तेवढ्यात डीन लंगडत तिथून चालला होता. केवने त्याला हाक मारली.

"शनिवारी तू खेळतोयस. पण नीट ऐक. चेंडू समोर आला की स्वतः मारायचा. दुसऱ्याला रस्ता मोकळा करून देण्याची ही समाजसेवा बंद! गोल नाही केलास, तर पुढच्या वर्षी तुझं नाव निघणार नाही."

"बरं."

"बरं काय? समजलं का?"

"समजलं म्हणूनच बरं म्हणालो."

ते दोघे गेले. डीन अंधारून येईपर्यंत एकटाच गोलावर चेंडू मारत राहिला. एक माझ्या अंगावर आदळला. "सॉरी, म्हाताऱ्या," तो पुटपुटला. मला भरून आलं. आठवडाभर हा माणूस मैलोन् मैल गव्हात ट्रॅक्टरवर एकटा असतो. चार माणसं त्याला नावाने हाक मारतात ती फक्त शनिवारी, मग टोमणा मारायला का असेना. तेही गेलं, तर त्याच्याजवळ काय उरणार होतं?

शनिवारी सारं गाव लोटलं. चिखल, बोचरा वारा आणि अटीतटीचा सामना. डीनने दोनदा स्वतः मारायचा प्रयत्न केला. एकदा गुडघ्याने दगा दिला, एकदा चेंडू ठेंगण्या खांबाबाहेर गेला. गाड्यांतून हुर्यो उठली. शेवटची मिनिटं आली, तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. गोल झाला तर जिंकणार होतो. मला घासून गेला, तर एकच गुण आणि हार.

ट्रॉयने लांबून मारला. चेंडू वाऱ्यात अडकला, अलीकडेच पडला आणि वेडेवाकडे टप्पे घेत माझ्या दिशेने निघाला. डीन त्याच्यापासून एका ढांगेवर होता.

"मार!" बाकावरून केव किंचाळला. "मार, डीन, मार!"

त्याच वेळी पाइन हिलचा धिप्पाड बचावपटू सुसाट येत होता. डीनने चेंडूकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे पाहिलं. आणि मित्रांनो, त्याने चेंडूकडे पाठ केली.

दोघे छातीला छाती लावून भिडले आणि एकमेकांसकट माझ्यावर येऊन आदळले. डीनची पाठ माझ्यावर आपटली. माझ्या अंगात काहीतरी कडकन मोडलं आणि मी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हादरलो. चेंडू माझ्या अगदी जवळून घरंगळत आत गेला.

"खांबाला लागला!" पाइन हिलचा गडी खाली पडल्या पडल्या ओरडला. "खांब हलला, सगळ्यांनी बघितलं!"

गाड्या चिडीचूप झाल्या. मर्व गोलरेषेवर वाकून उभा होता. मला तेव्हा वाचा असती तर ओरडून सांगितलं असतं. मला लागला नाही. माझ्या रंगाचा एक पोपडासुद्धा त्याने नेला नाही.

मर्व सरळ झाला. "खांब तुम्हा दोघा रेड्यांमुळे हलला," तो म्हणाला. "चेंडू कुठून गेला, ते मी बघत होतो." आणि त्याने दोन्ही झेंडे हलवले.

काय ते हॉर्न! कोठारांवरचे काकाकुवेसुद्धा उडाले. पाठोपाठ सामना संपल्याचा भोंगा झाला. पोरांनी ट्रॉयला खांद्यावर घेतलं आणि मिरवत नेलं. डीन माझ्या पायाशी बसून राहिला. त्याला श्वास घेता येत नव्हता. केव चिखल तुडवत आला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"तुला काय सांगितलं होतं मी?"

"मारायचा."

"मग?"

"मारायला गेलो असतो, तर त्याने माझ्या पायावर झेप टाकली असती. त्याला अडवला, तर चेंडू आपला आपण आत जाणार होता." डीनने दम घेतला. "गेला."

केवने हात देऊन डीनला उठवलं. डीनची अख्खी पाठ माझ्या पांढऱ्या रंगाने माखली होती. केव तो रंग तळहाताने पुसू लागला आणि त्याने तो आणखीच पसरवला. मग त्याचं लक्ष माझ्या भेगेकडे गेलं.

"मर्व, पुढच्या वर्षी या खांबाला गादी गुंडाळून घ्यायला हवी."

"आता? इतकी वर्षं कुणी नाव काढलं नाही गादीचं!"

"हा गाढव पुन्हा येऊन आदळणार ना इथेच."

"मग जाड गुंडाळ," डीन म्हणाला आणि लंगडत आपल्या माणसांकडे गेला.

माझ्या भेगेवर आता लोखंडी पट्टी आहे आणि पायाशी जाडजूड गादी. मी अजून उभा आहे, अर्थात सरळच. मित्रांनो, तुमच्या मैदानावरच्या खांबांनाही दरवर्षी रंग द्या, गादी बांधा. आणि हंगाम संपला की ज्याच्यासाठी कुणी हॉर्न वाजवला नाही, अशा तुमच्या संघातल्या एखाद्याजवळ जा आणि विचारा, "पाठ कशी आहे रे आता तुझी?"