कॅसेटमधला सेल

अलीभाईंनी कॅसेटमधला सेल बदलला तो चांगल्या मनानं बदलला, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर मी त्यांची बाजू घेतेय असं वाटेल.

कर्जतच्या बाजारात त्यांचं घड्याळांचं दुकान आणि माझं फॉल-पिकोचं, मध्ये एक भिंत. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून आले की ते शटर अर्धं ओढतात आणि पाचपर्यंत उघडत नाहीत. तेवढ्या वेळात मागच्या खोलीत आमचा क्लब भरतो. अलीभाई, त्यांची बायको अनिसाभाभी, मी आणि हरीभाऊ. हरीभाऊ भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेले. एकदा घड्याळाचा पट्टा बदलायला आले, आत टीव्हीवर काय चाललंय म्हणून वाकले, आणि तिथेच बसले.

अलीभाईंच्या मोठ्या भावानं तीस वर्षांपूर्वी कुवेतहून व्हिडिओ गेम आणला होता. त्याची ही एकच कॅसेट चालायची. चार वीर, एक बुडालेलं राज्य आणि किल्ल्यात बसलेला एक काळा राजा. उड्या नाहीत, गोळ्या नाहीत. ज्याची पाळी असेल त्याच्या नावापुढे बाण लुकलुकतो, एकुलता एक रिमोट त्याच्याकडे जातो, आणि आपण बटण दाबेपर्यंत समोरचा राक्षससुद्धा गुमान उभा राहतो. आमच्या वयाला झेपेल असं वैर.

सगळा मजकूर इंग्रजीत. माझी शाळा दहावीत सुटली ती सुटलीच; पण डिक्शनरी मांडीवर घेऊन अडीच वर्षं मी तो तिघांना वाचून दाखवला. शाप, चिलखत, राज्याभिषेक, सगळ्यांचं इंग्रजी मला येतं. बँकेतला फॉर्म अजून दुसऱ्याकडून भरून घेते.

अनिसाभाभींकडे तलवार. त्या घरात कोणाला ‘अरे’ म्हणणार नाहीत, पण इथे विचार न करता हाणत सुटायच्या. हरीभाऊ वैद्य. दुसऱ्याच्या जखमा भरणं एवढंच त्या वैद्याचं काम, आणि ते त्यांनी मागून घेतलेलं. शिवाय नकाशे त्यांचेच. प्रत्येक भुयार, प्रत्येक पूल त्यांनी आलेखाच्या वहीत चौकटी मोजून काढला होता. एका पुलावर राक्षसाला काही दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. वहीत त्याचं नाव ‘खालापूर टोलनाका’.

क्लबचा नियम एकच. चौघं नसतील तर मशीन चालू करायचं नाही.

जूनमध्ये हरीभाऊंना पनवेलला इस्पितळात नेलं. परत आले ते बारीक होऊन. म्हणाले, “हृदय पंधरा टक्क्यांवर चालतंय म्हनं. टर्बाईन असतं तर कवाच भंगारात काढलं असतं.”

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं.

“दसरा बगाल म्हनले. तोवर तो काळा राजा पडला पायजे, बस. त्या राज्याचं पुडं काय झालं ते न बगता जायाचं, हे काय बरं नाय.”

किल्ल्याच्या दारात आम्ही पोचलेलो होतो. फार तर चार शुक्रवार.

आता सेलचं. खेळ कुठवर आला हे कॅसेटच्या आत साठतं, आणि ते साठवण जिवंत ठेवायला आत बटणाएवढा सेल असतो. तीस वर्षांचा. एवढ्यात तो गेला तर हरीभाऊंचं काय, या काळजीनं अलीभाईंना झोप लागेना. चाळीस वर्षं त्यांचा हात एकच काम शिकलेला: सेल मरायच्या आधी बदलायचा, नाहीतर तो पाझरतो आणि घड्याळ खातो. जुना काढायचा, नवा घालायचा, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लावायची. घड्याळाचं बरं असतं. त्याला पुन्हा वेळ लावता येते.

गुरुवारी त्यांनी कॅसेट उघडली, जुना सेल काढला, नवा घातला, आणि समाधानानं घरी जाऊन जेवले.

शुक्रवारी पडद्यावर चार रिकाम्या जागा आल्या. नावं घाला, असं खाली लिहिलेलं, अगदी पहिल्या दिवशी होतं तसं.

“काय म्हनतंय?” हरीभाऊंनी विचारलं.

“नावं विचारतंय,” मी म्हणाले.

“आपली नावं त्याला ठावं हायती की.”

अलीभाईंनी मशीन बंद केलं, चालू केलं, कॅसेट काढून फुंकर मारली, परत घातली. चार वेळा. मग खिशातून तो जुना सेल काढून तळहातावर धरला, जणू त्यात अजून काही शिल्लक असेल. “मी बदलला, हरीभाऊ. काल.”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” भाभी म्हणाल्या. “नवऱ्याच्या हाताला काम नसलं की असं होतं.”

“भाभी, असू द्या,” हरीभाऊ म्हणाले. मग अलीभाईंकडे वळून, “चांगला होता का रं नवा?”

“कंपनीचा आहे.”

“मंग झालं तर.”

अलीभाईंनी मोबाईल पुढे केला. शेवट कोणीतरी इंटरनेटवर टाकलेला होता, दहा मिनिटांचा. हरीभाऊंनी तो हातानं बाजूला सारला. “लोकांच्या लग्नाचा व्हिडिओ हाय तो. आपन व्हतो का त्यात?”

मग वही उघडली आणि मोजायला बसले. अडीच वर्षं वाट शोधण्यात गेली, आता वाट माहीत आहे, नकाशे आहेत. बोटांवर हिशेब करून म्हणाले, “सतरा शुक्रवार.” दसऱ्यापर्यंत अकराच होते. ते त्यांनाही येत होतं मोजता.

“रोज बसू,” भाभी म्हणाल्या.

आम्ही रोज बसलो. मशीन टेंपोत घालून भिवपुरीला त्यांच्या घरी नेलं, त्यांच्या पलंगासमोर. त्यांची सून माधवी आम्हाला चहा द्यायची आणि दारात उभी राहून बघायची, आजाऱ्याच्या घरी ही कसली जत्रा म्हणून. पहिले दिवस झरझर गेले. “उजवीकडं नको, तिथली पेटी रिकामी हाय,” ते डोळे मिटून सांगायचे, आणि पेटी रिकामीच असायची.

पण त्यांना अर्ध्या तासात झोप लागायची. मग वीस मिनिटांत. नियम नियमच. ते झोपले की आम्ही तिघं बटण न दाबता बसायचो, आणि पडद्यावर राक्षसही थांबलेला असायचा. एकदा भाभी हळूच म्हणाल्या, “आपण पुढे नेऊया का? त्यांना कळणार नाही.”

“कळंल,” पलंगावरून आवाज आला.

दसऱ्यापर्यंत आम्ही टोलनाक्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. हरीभाऊ दसऱ्याच्या नऊ दिवस आधीच गेले. डॉक्टरांचाही अंदाजच तो.

महिन्याभरानं, शुक्रवारी, मशीन परत मागच्या खोलीत आलेलं होतं. भाभींनीच ते चालू केलं. नियम मोडतोय हे तिघांनाही ठाऊक होतं. वही माझ्या मांडीवर होती, सुनेनं दिलेली. आम्ही जंगलात होतो, समोर दोन लांडगे. भाभींनी तलवार चालवली. मी माझं दाबलं, अलीभाईंनी त्यांचं. मग बाण हरीच्या नावापुढे येऊन लुकलुकायला लागला.

रिमोट सवयीनं पुढे सरकवलेला, वैद्याच्या जागी सतरंजीवर पडलेला होता. तो कोणी उचलला नाही. भाभींचा पदर तोंडावर गेला. लांडगे उभे होते.

“वाट बघतंय,” मी म्हणाले. मला दुसरं काही वाचून दाखवता येईना.

बाहेर कोणीतरी शटर वाजवलं. पाच वाजायला अवकाश होता, तरी अलीभाई उठून गेले. गिऱ्हाईकाच्या हातघड्याळाचा सेल संपत आला होता. अलीभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं, आणि सेलला हात लावण्याआधी कागद ओढून त्या घड्याळातली वेळ लिहून घेतली. चार सदतीस. आता ते प्रत्येक घड्याळाची अशी लिहून घेतात. तिचा काही उपयोग नसतो.