सतरा फेब्रुवारीचा शिक्का

विद्यापीठाची कमिटी तपासणीला येणार म्हटल्यावर वाचनालयातला पंखा पुसला गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. पुसणारा अर्थातच नाथाजी. बाकावर स्टूल चढवून तो वर गेला, पात्यांवरची काजळी ओल्या फडक्यानं काढली, खाली उतरला आणि बटण दाबलं. पंखा फिरला नाही. वायर कधीची तुटलेली होती. दारातनं प्राचार्य म्हणाले, "असू द्या हो. फेब्रुवारीत कोण पंखा लावतो? दिसला म्हणजे झालं."

नाथाजीनं फडकं पिळलं आणि स्टूल जागेवर ठेवलं. गप्प बसायची त्याला सवय होती. गाव पाटणच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत, वय पन्नाशीला आलेलं, पंधरा वर्षं पलटणीत गेलेली. तिथं तो कोतात होता. कोत म्हणजे बंदुका ठेवायची खोली. शिपायाला बंदूक द्यायची, नंबर बघायचा, वेळ झाली की त्याच्याच हातनं परत घ्यायची. पलटणीतनं सुटल्यावर तो सांगलीच्या या कॉलेजात शिपाई म्हणून चिकटला, आणि एम.ए.चे वर्ग निघाले तेव्हा त्याला तिथल्या वाचनालयात टाकलं. ग्रंथपाल नेमायचा राहूनच गेला होता.

वाचनालय म्हणजे सायकल स्टँडच्या डोक्यावरची पत्र्याची खोली. विज्ञानवाल्यांना गॅसची प्रयोगशाळा झाली, कॉमर्सला टाइपरायटर आले. कला शाखेला काय लागतं, खडू आणि फळा, असं प्राचार्य भर सभेत म्हणायचे आणि पुढच्या रांगेतले लोक हसायचे. चाळीस पोरं, सोळा खुर्च्या. चार लोखंडी कपाटं, त्यांना काचेची दारं, आणि काचेवर देणगी देणाऱ्या चेअरमनचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात रंगवलेलं, की आत पुस्तकं आहेत की गुळाच्या ढेपा, ते कळायचं नाही. कपाटांच्या किल्ल्या प्राचार्यांच्या खणात. पोरांनी चिठ्ठी लिहायची, नाथाजीनं ती खाली न्यायची आणि लाल शाईत 'उपलब्ध नाही' असं लिहून आलेली परत वर आणायची.

का उपलब्ध नाही? तर कमिटी येऊन बघून जाईपर्यंत पुस्तकं मळवायची नव्हती. आणि कमिटी तीनदा पुढं गेली होती. तोवर पोरं गाइडं घोकायची, थर्ड क्लासात पास व्हायची आणि आपल्या गावाला जाऊन बसायची. वर हेच लोक व्यासपीठावरनं सांगणार, खेड्यातल्या पोराला वाचनाची गोडी नाही. अरे, आधी कुलूप काढा, मग गोडीचं बघू!

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या सिद्धूच्या. हा वडूजकडचा धनगराचा पोरगा. बहात्तरच्या दुष्काळात घरची मेंढरं संपली तेव्हा कुपवाडला फौंड्रीत लागला. दुपारी तीनला भट्टीवर उभा राहायचा, सकाळी साडेसातला सायकल हाणत कॉलेजात. इतिहासाच्या एम.ए.चं शेवटचं वर्ष, एप्रिलात परीक्षा. सेकंड क्लास मिळाला तर कुठंतरी प्राध्यापकी. नाही मिळाला तर जन्मभर भट्टी. परीक्षेतला एक पेपर सगळा एकाच पुस्तकावर होता. शिकवणाऱ्या सरांनी त्याचं नाव फळ्यावर लिहून दिलं होतं. पुस्तक सरांनीही पाहिलेलं नव्हतं. सिद्धूनं त्याची चिठ्ठी अकरा वेळा दिली.

"मामा, पुस्तक हायच न्हाई व्हय कपाटात?"

"किल्ली माझ्याकडं आसती तर बघून सांगितलं आसतं."

"काच हाय की. काचंतनं बघा."

"काचंवर चेअरमन बसल्यात, गड्या. त्यांच्याआडचं काय दिसतंय?"

पोरं हसली. सिद्धूही हसला आणि बारावी चिठ्ठी लिहायला बसला.

कमिटीचा नियम होता, इतिहासाची पाचशे पुस्तकं पाहिजेत. कपाटं उघडली तेव्हा सत्त्याण्णव निघाली. सिद्धूचं त्यात नव्हतं. प्राचार्यांच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. त्यांचे साडू साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राचार्य होते. दोन साडवांचं फोनवर ठरलं, आणि रविवारी सकाळी ताडपत्री टाकलेला ट्रक सायकल स्टँडसमोर उभा राहिला. आत चारशे तीन पुस्तकं. कमिटी बघून गेली की मंगळवारी परत.

नाथाजीनं ती वर वाहिली. तिसऱ्या खेपेला गुडघे बोलायला लागले. मग खळ करून बसला आणि साताऱ्याच्या शिक्क्यांवर सांगलीची लेबलं डकवत राहिला. दुपार कलताना एक हिरव्या पुठ्ठ्याचं जाड पुस्तक हाताला आलं. नाथाजीला इंग्रजी येत नव्हतं. पण पाठीवरची अक्षरं कुठंतरी पाहिल्यासारखी वाटली. त्यानं खणातनं सिद्धूची चिठ्ठी काढली आणि पुस्तकाशेजारी धरली. अक्षराला अक्षर बोट लावत गेला. सगळी जुळली.

त्यानं शेवटचं पान उघडलं. तारखेचा कागद कोरा. अकरा वर्षांपूर्वी विकत घेतलेलं पुस्तक, आणि साताऱ्यातही ते कुणाच्या हाती पडलं नव्हतं. तिकडंही कपाटंच असणार. तिकडंही कुणीतरी चेअरमन असणार.

सोमवारी, दहा तारखेला, सोळा खुर्च्यांवर सोळा पोरं इस्त्रीचे कपडे घालून बसवली. प्राचार्यांनी नाथाजीला बजावलं, "कमिटीसमोर देवघेव दिसली पाहिजे. चार-पाच जणांना पुस्तकं द्या. शिक्का, तारीख, सही, सगळं रीतसर."

"व्हय साहेब. रीतसर."

त्या पोरांनी जिन्यानं उतरून मागच्या बाजूला पुस्तकं कारकुनाच्या हवाली करायची, हे कारकुनानं पोरांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. नाथाजीला सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिपायाला काय सांगायचं? आणि सिद्धू त्या दिवशी उशिरा आला. तो धापा टाकत वर पोचला तेव्हा कमिटी कपाटांसमोर उभी होती. नाथाजीनं त्याला बघितलं आणि हिरवं पुस्तक टेबलावर पुढं सरकवलं. सिद्धूनं नाव वाचलं. त्याचा हात पँटीला पुसला गेला, मगच पुस्तकाला लागला.

नाथाजीनं शिक्का पॅडवर दाबला आणि कोऱ्या कागदावर उठवला. १७ फेब्रुवारी १९७५. सात दिवस. कागदावरचा पहिला शिक्का.

कमिटीतले एक चष्मेवाले गृहस्थ बघत होते. त्यांनी सिद्धूच्या खांद्यावर हात ठेवला. "काय रे, पुस्तकं मिळतात ना वेळेवर?"

प्राचार्यांचं हसू जिथल्या तिथं थांबलं. नाही म्हणावं तर एम.ए.चे हे वर्गच बंद पडणार. मग कोल्हापूरला जाऊन शिकायचं, भट्टी सोडून, म्हणजे शिकायचंच नाही. सिद्धूनं नाथाजीकडं बघितलं. नाथाजी शिक्क्याची शाई पुसत होता.

"आज मिळालं, सर."

"छान, छान," म्हणून गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. सिद्धू पुस्तक काखेत घालून जिना उतरला, सायकलला टांग मारली आणि सरळ कुपवाडला गेला. पुस्तक नावावर मिळालं, घरी न्यायचं. यात चुकलं कुठं?

संध्याकाळी मोजदाद झाली. चारशे दोन.

"एक कुठंय?" प्राचार्यांनी विचारलं.

"दिलं, साहेब."

"दिलं म्हणजे?"

"सिद्धूला दिलं. तुमीच म्हनला व्हता, रीतसर."

"अहो, ते दाखवायला! तुम्हाला एवढं कळत नाही?" प्राचार्यांचा आवाज चढला आणि चढता चढता माणुसकी खाली उतरली. "ऐक, उद्या बारा वाजेपर्यंत पुस्तक माझ्या टेबलावर पाहिजे. नाही तर तुझा रस्ता तुला मोकळा."

सात वर्षांत पहिल्यांदा ते नाथाजीला अरेतुरे बोलले.

मंगळवारी सकाळी नाथाजी कुपवाडला गेला. कारखान्यांच्या मागं पत्र्याच्या खोल्यांची ओळ. सिद्धूच्या खोलीत रातपाळीचे दोघं घोरत पडलेले. सिद्धू उंबऱ्यावर बसून मांडीवरच्या वहीत उतरवून घेत होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना भाजल्याचे फोड, त्यांवर चिंधी, आणि चिंधीवर निळी शाई.

"मामा? तुमी हिकडं कसं?"

"पुस्तक दे, सिद्धू. साहेब पेटल्यात. साताऱ्याचा ट्रक खोळंबलाय."

सिद्धूनं मान वर केली नाही. चालू ओळ पुरी केली. मग मागचं पान उघडून नाथाजीपुढं धरलं.

"हितं काय लिवलंय?"

"मला का इचारतुयास? मीच मारलाय शिक्का."

"मग? सतरा हाय. आज अकरा."

"आरं लेका, ते दाखवायचं व्हतं."

"मला कुनी सांगितलं न्हाई. तुमाला सांगितलं व्हतं?"

नाथाजीला तरी कुणी सांगितलं होतं? तो उंबऱ्याशेजारी दगडावर टेकला. गुडघे ठणकत होते. सांगलीपासून सायकल मारताना त्यानं ठरवलं होतं, पोरगं ऐकलं नाही तर एक मुस्कटात द्यायची आणि पुस्तक काढून घ्यायचं. आता हात उचलायचा म्हटलं तरी कंटाळा येत होता.

"काय हाय रं त्यात एवढं?"

"मेंढरं," सिद्धू म्हणाला. "चराईची कुरणं कवा सरकारजमा झाली, का झाली, समदं हाय. आमच्या आज्ज्याला ज्या माळावनं हाकलला, तो माळ हाय ह्यात, नावासकट." त्यानं पान उलटलं. "आमच्यावर एवढं लिवलंय, मामा, आन आमालाच दावत न्हाईत."

नाथाजी पानाकडं बघत राहिला. त्याला ती सगळी काळी मुंग्यांची रांग. कोतातला एक सुभेदार त्याला आठवला. एकदा एका मेजरनं एका जवानाची बंदूक मुदतीआधी मागितली, तर सुभेदारानं कागद पुढं केला होता. साहेब, ज्याच्या नावावर, त्याच्याकडं, वेळ होईपर्यंत. मेजर शिव्या देत निघून गेला होता, पण गेला होता.

"किती ऱ्हायलं?"

"निम्म्याच्या वर."

"सतराला आन," नाथाजी म्हणाला. तांब्याभर पाणी प्यायला आणि सायकल वळवली.

बारा वाजून गेल्यावर तो प्राचार्यांसमोर मोकळ्या हातानं उभा राहिला.

"न्हाई आनलं. सतराला यील."

"तुला काय सांगितलं होतं मी?"

"सांगितलं व्हतं. पर शिक्का माझा हाय साहेब. कमिटीच्या डोळ्यादेखत मारलाय. आता खोटा व्हता म्हनून कसं सांगू पोराला?"

पुढं काय काय बोलणं झालं ते लिहिण्यात अर्थ नाही. ट्रक एक पुस्तक कमी घेऊन गेला. साडू साडवावर रुसला. नाथाजीला काढून टाकायचं, तर कारण कागदावर लिहावं लागलं असतं, आणि ते कारण कागदावर लिहिण्याजोगं नव्हतं. म्हणून त्याच्याकडनं शिक्का आणि पॅड काढून घेतलं आणि हातात पाण्याची नळी दिली. बागेत. गुडघ्यांवर बसून तण काढायचं. कपाटांना पुन्हा कुलपं पडली. शनिवारी कमिटीची मान्यता आली. ग्रंथालय समाधानकारक, असा शेरा होता. प्राचार्यांनी तो सगळ्यांना बोलावून वाचून दाखवला आणि पेढे वाटले. बागेपर्यंत पेढा आला नाही, आला असता तरी नाथाजीनं खाल्ला नसता असंही नाही. भूक लागलेली होती.

सतराला, सोमवारी, साडेआठला सिद्धू आला. वर गेला आणि लगेच खाली आला. नाथाजी गुलाबांच्या आळ्यात पाणी सोडत होता.

"मामा, आज सतरा."

"ठाव हाय."

"वर घेत न्हाईत पुस्तक. कारकून म्हनतोय, आसलं पुस्तक हितं आलंच न्हवतं."

"खरं हाय त्याचं. त्याच्या वहीत कुठनं आसंल?" नाथाजीनं नळी आळ्यात टाकली. "झालं का लिवून?"

"दोन धडं ऱ्हायलं. तीन दिस डबल पाळी लावली मुकादमानं."

सिद्धूचे डोळे तांबारलेले होते. नाथाजीनं चिखलाचे हात पँटीला पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. पुस्तक घेतलं. मागचं पान उघडलं. कागदावर तो एकच शिक्का होता.

"पेन आन हिकडं."

गुडघ्यावर पुस्तक ठेवून त्यानं शिक्क्याखाली सावकाश आकडे काढले. चोवीस, मग आडवी रेघ, मग दोन. शेजारी नाव लिहिलं, कोतात लिहायचा तसं, एकेक अक्षर सुटं.

"चोवीसला माझ्याकडं दे. त्याच्या म्होरच्या रविवारी एसटीनं साताऱ्याला नेऊन देतो. तिथं बी कोनतरी चिठ्ठ्या लिवत बसलेला आसंल."

"आन तवर कुनी इचारलं तर?"

"सांगायचं, मुदत वाढवून घेतलीया."

नाथाजीनं पुस्तक सिद्धूच्या छातीवर टेकवलं.

"जा. तीनच्या आत जेवढं हुतंय तेवढं लिव."

सायकल फाटकाबाहेर गेली. आळं भरून पाणी वाटेवर आलं होतं. नाथाजी कण्हत उठला आणि नळ बंद करायला गेला.